पाय बरे मा?

या, असे जवळ सरका. लांब बसून ही गोष्ट ऐकू यायची नाही, कारण हिच्यातला मुख्य आवाज फार लहान आहे आणि तोही फोनमधून आलेला आहे. मी बुवा नाही. बुवा माझे वडील. मी त्यांच्या डाव्या अंगाला पायपेटीमागे बसणारा. उभं राहून चार माणसांसमोर एक सबंध वाक्य बोलायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. पण कीर्तनं ऐकत वाढलेल्या माणसाला एवढं कळतं की गोष्ट सुरू करण्याआधी माणसं जवळ घ्यायची असतात. नारदाच्या गादीला लांबून नमस्कार करतो, आणि एका ऑर्गनची आणि चार पायांची गोष्ट सांगतो. चार पायांतले दोन माझे. दोन कुणाचे, ते येईल पुढे.

ही गोष्ट ज्या धक्क्याने सुरू झाली तो तसा मोठा नव्हता. जानेवारीतली सकाळ होती. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या गोदामाचं शटर अर्धं वर होतं आणि उन्हाची एक पट्टी केबलच्या वेटोळ्यांपर्यंत आली होती. आमची कंपनी हॉटेलांना आणि जलशांना स्टेजचं सामान भाड्याने देते. स्पीकर, ड्रम, दिवे, आणि त्या सगळ्यात एक म्हातारा अमेरिकन ऑर्गन. दोन मजली पट्ट्या, खाली पायांशी लाकडी दांड्यांची रांग, शेजारी कपाटाएवढा स्पीकर आणि त्या कपाटाच्या पोटात गोल फिरणारा भोंगा. या ऑर्गनमध्ये वारा नसतो, चाकं असतात. मोटरवर फिरणारी नव्वदेक दातेरी चाकं, प्रत्येक चाकाचा आपला एक सूर. त्या चाकांना वर्षातून दोनदा तेल पाजावं लागतं. ते काम माझं. मागची फळी उघडून, तेलाची बाटली मांडीवर घेऊन मी बसलो होतो, जुन्या लाकडाचा आणि तापलेल्या धुळीचा वास नाकात होता, आणि छायाचा फोन आला. छाया माझी धाकटी बहीण, वेंगुर्ल्याच्या बाजूला घरी बाबांजवळ असते.

"दादा, आयकतंस? बाबा हुंकारले."

गणपतीनंतर बाबांना अर्धांगाचा झटका आला, त्याला चार महिने होऊन गेले होते. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. साठ वर्षं ज्या माणसाने देवळांच्या सभामंडपात शब्दांचा पाऊस पाडला, त्याला पाणी मागता येईना. छाया सांगत होती, शेजारच्यांनी माडांना पाणी लावलं होतं, पंप धडधड करत होता, आणि त्या तालावर डोळे मिटून बाबांच्या घशातून काहीतरी निघालं. "सूर होतो रे तो. माका कळता. डॉक्टर म्हणतत, बोलणां गेलां तरी गाणां उरतां कधी कधी. डोक्यात तेची खोली वेगळी आसता. कोणीतरी दार वाजवूक होयां." मग थोडं थांबून ती म्हणाली, "पेटी वाजव त्यांका. तुझी सवय आसा त्यांका."

मी बरं म्हटलं, फोन ठेवला, तेलाची बाटली उचलली, आणि पाहतो तो माझा उजवा पाय हलत होता. मग डावा. मग उजवा. खाली काही नव्हतं, नुसती सिमेंटची जमीन. सेफ्टी शूजमधले माझे दोन्ही पाय आळीपाळीने जमीन दाबत होते, सावकाश, न चुकता, जणू मी त्यांचा कुणी नव्हतोच. सत्तावीस वर्षं दुबईत मी त्यांच्यावर उभा राहिलो, मुहैस्नाच्या कामगार कॅम्पमधून साइटवर गेलो, परांच्या चढलो, ओझी वाहिली. तेवढ्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट एकदाही आठवली नव्हती, किंवा आठवली असेल आणि मला सांगितली नसेल. मी दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले. पलीकडे केबल गुंडाळत बसलेला केरू बघत होता. केरू बीडचा, माझ्या खोलीतला, जिभेला हाड नसलेला. "काय ओ नागेशभाऊ," तो म्हणाला, "सायकल कुठं निघाली?"

पायपेटी तुम्ही पाहिली नसेल तर सांगतो. हातपेटीला एक हात भात्यावर अडकतो. पायपेटीला भाता खाली असतो, दोन पावट्या आळीपाळीने दाबायच्या, आणि वरती दोन्ही हात मोकळे. हात मोकळे म्हणून लोक हातांकडे बघतात. पण सूर पायांवर जगतो. पाय थांबला की सूर आधी बसका होतो, मग विझतो, आणि बुवा बोलता बोलता उघडे पडतात. मी सात वर्षांचा असल्यापासून बाबांच्या कीर्तनात पाय मारले. पाय पोहोचत नव्हते तेव्हा बुडाखालचा पाट पुढे सरकवून मारले. बाबा गादीवर उभे राहिले की छापील पुस्तकासारखी मराठी बोलायचे, आणि त्याच आवाजात, त्याच सुरात, लोकांना कळू न देता मला मालवणीत झापायचे. द्रौपदी सभेत उभी आहे, सगळ्या बायांचे पदर डोळ्यांना लागले आहेत, आणि बाबा तान घेता घेता तिच्यात गुंफून म्हणताहेत, "नागेश्या, सावकास रे, घोडो नाय तो." पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांना वाटायचं ते आख्यानातलंच काही आहे. एकदा एकीने हात जोडले. मी हसू दाबायचो आणि पाय सावकाश करायचो. ते बोलत असत तेव्हा मी अगदी हळू सूर धरून ठेवायचा, वाक्य चढलं की सूर चढवायचा, आणि बोलता बोलता नेमक्या कुठल्या शब्दावर त्यांचं बोलणं संपून गाणं सुरू होणार हे मला त्यांच्याआधी कळायचं. कसं कळायचं ते विचारू नका. घोट्यात कळायचं.

आणि मग मी गेलो. देवळात सात दिवसांचं कीर्तन लागलं होतं, तिसरा दिवस. व्हिसा आला, तिकीट त्याच संध्याकाळचं होतं, एजंट म्हणाला आज नाही तर खलास. मी बाबांना अंगणात सांगितलं. ते पायरीवर बसून चिपळ्यांच्या झांजा पुसत होते. वर बघितलं नाही. "जा," म्हणाले, "पोचल्यार कळव." त्या दिवशी ते पेटीशिवाय उभे राहिले. रिकामी पायपेटी डावीकडे तशीच ठेवायला लावली होती, छायाने नंतर पत्रात लिहिलं. मी पोचल्याचं कळवायला गावातल्या दुकानात फोन केला, त्यांना बोलावून आणलं, आणि बाबांनी पहिलं काय विचारलं असेल? "पाय बरे मा?"

सत्तावीस वर्षं, दर फोनला, तेच, पाय बरे आहेत ना. तब्येत नाही, काम नाही, जेवण नाही. पाय बरे मा? मी म्हणायचो, बरे आसत. आणि फोन ठेवल्यावर तो प्रश्न अंगात शिरून बसायचा. साइटवर ऊन चढलं की वर यायचा. कुठले पाय विचारतात हे? जे कीर्तन अर्ध्यावर टाकून पळाले ते? का नुसतेच पाय, माझे, मुलाचे, तापलेल्या परांचीवर उभे राहणारे? टोमणा मारायची बाबांची रीत मला माहीत होती, ते तो नेहमी सुरात गुंडाळून द्यायचे. पण फोनवर सूर नव्हता, नुसते तीन शब्द होते, आणि तीन शब्दांत माया आणि टोमणा सारखेच दिसतात. सुट्टीवर गेलो की विचारीन म्हणायचो. गेलो की ते समोर असायचे आणि समोर असले की प्रश्नच विचारायचे नाहीत, पायांकडे बघायचेसुद्धा नाहीत. पायपेटीवर चादर टाकलेली असायची. मी कधी ती उचलली नाही, त्यांनी कधी उचल म्हटलं नाही. आता त्यांची वाचा गेली होती, आणि विचारायचं राहून गेलं होतं. मला काय हवं होतं ते सरळ सांगतो. मला त्यांच्या तोंडून ते तीन शब्द एकदा, एकदाच, सुरात ऐकायचे होते. सुरात कळलं असतं.

आता ऑर्गन माझ्या गळ्यात कसा पडला ते ऐका, कारण त्यात माझी फजिती आहे आणि केरू ती मी नसलो तरी सांगतोच. सहा वर्षांपूर्वी हा ऑर्गन कंटेनरमधून आला तेव्हा मॅनेजरने विचारलं, ऑर्गनचं कुणाला काही येतं का? आमच्याकडे गावात पायपेटीला ऑर्गनच म्हणतात. नाटकवाल्यांनी पाडलेलं नाव ते. मी हात वर केला. साहेब, लहानपणापासून वाजवतो. शिपिंगची लाकडं काढली, वायर लावली. इथली पट्टी ओळखीची होती, काळी-पांढरी. मी बूट काढले, नमस्कार केला, बसलो, आणि हात लावण्याआधी सवयीने भाता भरायला घेतला. खालच्या दोन दांड्या, उजवी डावी, उजवी डावी. पण त्या पावट्या नव्हत्या. त्या दांड्या म्हणजे खर्जाचे सूर होते. धोंऽऽ, धोंऽऽ! गोदामाचे पत्रे थरथरले, रॅकवरून एक दिवा पडला, केरूच्या हातातला चहा त्याच्या पँटवर गेला आणि सिक्युरिटीवाला पळत आला. मी घाबरून थांबायला हवं होतं. पण पायपेटीवाल्याचे पाय घाबरले की जोरात चालतात. त्या दिवसापासून मी गोदामात सायकलवाला झालो, आणि ऑर्गनचा माणूसही मीच झालो, कारण दुसरा कुणी नव्हता.

त्या वर्षीच ओडेल साहेब पहिल्यांदा आले. काळे, उंच, तेव्हाच सत्तरीला लागलेले, फिलाडेल्फियाचे. ऑर्गन, गिटार आणि ड्रम अशा तिघांचा त्यांचा संच, दर हिवाळ्यात इथे आठवडाभर हॉटेलात वाजवतात. ते संगीत काय असतं ते मला शास्त्राने सांगता यायचं नाही. बैठकीचं असतं, जेवणाखाणाच्या जागी वाजतं, माणसं मान हलवतात, पण पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझे डोळे भरले, कारण ते कीर्तन होतं. कुणी बोलत नव्हतं तरी कुणीतरी बोलत होतं आणि ऑर्गन त्याच्या मागून चालला होता. डावा हात आणि डावा पाय खर्ज चालवत होते, उजवा हात आधी सांगितल्यासारखं, मग समजावल्यासारखं, मग न राहवून गायल्यासारखं करत होता, आणि कपाटातला भोंगा वेग घ्यायचा तेव्हा सूर असा फिरायचा, जसे बाबा गादीवर गिरकी घेऊन डावीकडच्या बायकांना आणि उजवीकडच्या बाप्यांना एकाच ओळीत पोटाशी धरायचे. केरूने त्यांना लगेच माझी सायकल करून दाखवली. सगळे हसले. ओडेल साहेब हसले नाहीत. माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "याचे पाय कुणी शिकवले?" त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळतं, उरलेलं अर्धं आमच्या ऑफिसातली प्रज्ञा सांगते, आणि दोन्ही मिळून जे होतं ते मी तुम्हाला मराठीत देतोय. प्रज्ञा इथेच दुबईत, अल नहदात वाढलेली, पंचविशीची मुलगी. मी मॅडम म्हटलं की चिडते.

हा ऑर्गन सुरू करायची एक रीत आहे. दोन बटणं असतात. एक स्टार्ट, एक रन. स्टार्ट दाबून धरायचं, आठ सेकंद, घाई करायची नाही. आतली चाकं हलतात, कुरकुरतात, वेग घेतात. मग रन. मग वाट बघायची. त्या आठ सेकंदांत ओडेल साहेबांचे ओठ हलतात. दुसऱ्या वर्षी मी धीर करून विचारलं, मंत्र का? ते म्हणाले, "आईचं नाव. मिस अर्नेस्टीन." त्यांच्या वस्तीत एका दुकानाच्या गाळ्यात त्यांचं चर्च होतं आणि प्रवचन त्यांची आई करायची. बोलायला लागायची, बोलता बोलता सुरात चढायची, आणि नऊ वर्षांचे ओडेल साहेब मागे ऑर्गनवर. "ती बोलायची तेव्हा मी हळू, ती चढली की मी चढायचो." पुढचं त्यांनी सांगायच्या आधी मी म्हटलं, "आणि कुठल्या शब्दावर ती गाणार ते तुम्हाला आधी कळायचं." मग त्यांनी नुसता घोट्याला हात लावून दाखवला. देव कुठे कुठे, कुठल्या गाळ्यात बसून, काय काय ऐकत असतो!

तर छायाचा फोन आला त्या आठवड्यात मी प्रयत्न केला. इथल्याच सोनापूरच्या कॅम्पात गुरुवारी भजन करणाऱ्या पोरांकडून हातपेटी मागून आणली, खोलीत बसून व्हिडिओ कॉलवर वाजवली. छायाने फोन बाबांच्या तोंडासमोर धरला होता. तोंड उजवीकडे उतरलेलं, दाढीचे खुंट पांढरे, डोळे छताकडे. मी त्यांचं नमन वाजवलं, त्यांचा गजर वाजवला, द्रौपदीची ओळ वाजवली. काही नाही. एकदा त्यांनी मान वळवली तर ती माशी होती म्हणून. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी छाया म्हणाली, "र्‍हवांदे दादा. पंपाचोच काय तो भास झालो आसात माका." तिचा आवाज ऐकून मला वाटलं, पेटी बाबांना ऐकू येतेय, चांगली ऐकू येतेय, आणि ते उत्तर देत नाहीत. रिकामी पेटी मी त्यांच्याशेजारी ठेवून गेलो होतो. आता ते रिकामं तोंड माझ्यासमोर ठेवताहेत. असं मनात आलं आणि मी हातपेटी पोरांना परत नेऊन दिली. बापाबद्दल असं मनात येणं पाप आहे, पण मनात आलेलं सांगितलं नाही तर कीर्तन कसलं.

शुक्रवारी ऑर्गन हॉटेलात नेला. मागच्या दाराने, सामानाच्या लिफ्टने, केरू पुढे आणि मी मागे, यल्ला यल्ला, चला चला करत. दुपारचे तीन वाजले होते. मोठ्या हॉलमध्ये पांढऱ्या कापडाची गोल टेबलं मांडली होती आणि माणूस कुणी नव्हतं. ओडेल साहेब आले. यंदा काठी होती. पायऱ्या उतरताना त्रास होतो म्हणाले, आणि बाकावर बसून पातळ तळव्यांचे बूट चढवायला लागले. माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काय बिघडलंय?" मी काही नाही म्हटलं. केरू मागून म्हणाला, "बाप बोलत नाही त्याचा," आणि सोबत आलेल्या प्रज्ञाने ते इंग्रजीत केलं, आणि मग मला सांगावंच लागलं. पंप, पेटी, माशी, सगळं. पाय बरे मा हेही, जे मी केरूलासुद्धा सांगितलं नव्हतं.

साहेबांनी सगळं ऐकलं. "तू त्यांना गाणी वाजवून दाखवलीस," ते म्हणाले. "त्यांनी काय करायचं होतं? टाळ्या वाजवायच्या होत्या? प्रवचनकाराला गाणं नको असतं. त्याला विचारणारा हवा असतो. विचार, आणि जागा सोड. पट्टी कुठली?"

"काळी दोन," मी म्हटलं.

प्रज्ञाने हात वर केले. "काका, दॅट आय कान्ट ट्रान्सलेट." मी उठून पट्टीवर बोट ठेवून दाखवलं. ओडेल साहेब खुदकन हसले, पोरासारखे. म्हणाले, ही तर चर्चची पट्टी, आई आयुष्यभर इथेच उभी होती. मग काठीने खालच्या दांड्यांकडे दाखवलं. "आणि ते कर. पहिल्या दिवशी केलंस ते. सायकल."

"पण ते चूक होतं."

"चूक सुरांची होती. पायांची नव्हती." त्यांनी काठीचं टोक खालच्या काळ्या दोनवर ठेवलं, मग तिच्या पंचमावर. "या दोन चालव. तुझ्या बापाने आयुष्यभर तुझी पेटी ऐकलीय असं तुला वाटतं. तो पेटीच्या शेजारी उभा होता. त्याने काय ऐकलं असेल?"

खट, खट. पावट्यांचा आवाज. सूर लोकांसाठी होता, तो पुढे जायचा. शेजारी उभ्या माणसाला ऐकू यायचा तो खट खट, माझे पाय, माझी अनवाणी टाच लाकडावर. पंपासारखा. हातपेटीला पाय नसतात. मी तीन दिवस त्यांना पाय नसलेला मुलगा दाखवत होतो.

"काका, दहा मिनिटं आहेत," प्रज्ञा घड्याळ बघत म्हणाली, "बँक्वेटवाले येतील टेबलं लावायला. मी दारात थांबते. कुणी आलं तर गोड बोलीन, पण दहाच हं." मी सेफ्टी शूज काढले, मोजे काढले. छायाला व्हिडिओ कॉल लावला, फोन केरूच्या हातात दिला. केरूने तो दोन्ही हातांत धरला, आरतीचं ताट धरावं तसा, आणि स्वतःचं तोंड बाजूला केलं. "म्हाताऱ्याला माझं थोबाड कशाला," पुटपुटला. ओडेल साहेब बाकावर उजवीकडे सरकले, मला डावीकडे जागा केली, आणि स्टार्टकडे बोट दाखवलं. तू धर. मी धरलं. आठ सेकंद. चाकं कुरकुरली. शेजारी साहेबांचे ओठ हलले. मी कुणाचं नाव घ्यावं मला कळेना, बाप जिवंत आहे, जिवंत माणसाचं नाव अशा जागी घेतात का, आणि या विचारात आठ सेकंद गेले. रन.

पाय ठेवले. उजवा, डावा. काळी दोन, पंचम. हॉलचं सगळं लाकूड खालून बोललं, टेबलांवरचे ग्लास बारीक किणकिणले. मी वर काही वाजवलं नाही. नुसते पाय. मग हळूच वरच्या पट्टीवर नमनाची अर्धी ओळ टाकली, जशी बाबांना द्यायचो, शेवटचा सूर न देता, आणि थांबलो. पाय चालू. फोनवर आवाज इथून तिथे जाऊन परत यायला वेळ लागतो, अर्धा श्वास, कधी सबंध श्वास. त्या रिकाम्या श्वासात मला बसवेना. हात पुढे गेला, ओळ पुरी करायला. ओडेल साहेबांनी माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवली. नुसती ठेवली. मी हात मागे घेतला. पाय चालू. पुन्हा अर्धी ओळ. पुन्हा थांबलो. फोनमध्ये बाबांचे डोळे छतावर होते. मग ते छतावर नव्हते. ते बाजूला वळले होते, फोनकडे नाही, डावीकडे, जिथे भिंतीशी चादर टाकलेली पेटी आहे. त्यांची डावी टाच पांघरुणाखाली हलत होती. छायाचा हात तोंडावर गेलेला दिसला.

तिसऱ्यांदा मी अर्धी ओळ टाकली आणि जागा सोडली, आणि त्या जागेत, श्वासभर उशिरा, काळी दोनमध्ये, घासलेला, बारीक, फाटक्या कापडासारखा, पण सुरात बरोबर बसलेला आवाज आला.

"पाय... बरे मा... नागेश्या."

पंचमावरून उतरत, शेवटी षड्जावर येत. मी तो उतार ओळखला. तुम्ही कीर्तनं ऐकली असतील तर तुम्हीही ओळखाल. आख्यान संपल्यावर, सगळ्यांना बुक्का लावून झाल्यावर, बाबा ज्या उतारावर लोकांना निरोप द्यायचे, सुखरूप घरी जा म्हणायचे, तो तो उतार होता. त्याच्यात टोमणा मावतच नाही. त्याच्यात तेवढी जागाच नाही. सत्तावीस वर्षं ते मला दर फोनला निरोप देत होते, सुखरूप जा म्हणत होते, आणि सुराविना मला ते ऐकू येत नव्हतं. मला उत्तर द्यायचं होतं, बरे आसत बाबा, पण पेटीवाला कीर्तनात बोलत नाही. मी तोच उतार वरच्या पट्टीवर परत वाजवून दाखवला, हळू. पाय थांबवले असते तरी चाललं असतं, या ऑर्गनला वारा लागत नाही, चाकं फिरतच असतात, हे मला सहा वर्षं माहीत आहे. तरी मी पाय थांबवले नाहीत. थांबलो तर सूर विझेल असं वाटत राहिलं. शेजारी ओडेल साहेबांनी भोंग्याचं बटण सरकवलं, भोंगा सावकाश वेग घ्यायला लागला, आणि माझा तो एवढासा उतार हॉलभर फिरला, रिकाम्या टेबलांवरून, पांढऱ्या कापडांवरून. "येस," साहेब अगदी हळू म्हणाले, "येस, टेल इट." कीर्तनात पुढच्या रांगेतले म्हातारे 'वा, बुवा' म्हणतात ना, तसं.

"काका," प्रज्ञा दारातून म्हणाली. तिच्या मागे टेबलांचे वेटर तोंड उघडं ठेवून उभे होते. केरूचा हात अजून तसाच होता. फोन कधीच बंद झाला होता. "भाऊ," तो म्हणाला, "आता खाली घेऊ का? मुंग्या आल्या."

तेव्हापासून बाबा एवढं एकच वाक्य म्हणतात. दुसरं काही परत आलं नाही, डॉक्टर म्हणतात यायचंही नाही. पंप लागला की सुरू होतं, जो समोर असेल त्याला. छायाला, डॉक्टरांना, वीजबिल द्यायला आलेल्या माणसाला. पाय बरे मा? गावाला सवय झालीय. सगळे सुरात उत्तर देतात, बरे आसत बुवा. पेटीवरची चादर छायाने काढली आहे. मेमध्ये मी जातोय, इन्शाल्ला, केरूच्या भाषेत सायकल घेऊन.

त्या संध्याकाळी वादनाआधी मी बाजूला अंधारात केबलजवळ उभा होतो. ओडेल साहेबांनी स्टार्ट दाबून धरलं आणि ओठ हलवले. यंदा जरा जास्त हलले. अर्नेस्टीन, आणि मग काहीतरी अडखळत, रॅम, रॅमचँ. माझ्या बाबांचं नाव त्यांनी प्रज्ञाकडून विचारून घेतलं होतं. जिवंत माणसाचं नाव त्या जागी घेतात, हे मला तेव्हा कळलं. तर चार पायांतले उरलेले दोन ओडेल साहेबांचे, हे तुम्हाला आता कळलं असेलच. आणि आता माझं एक मागणं आहे. बाबांचं नाव घ्यायला अख्खं गाव आहे. पण दुकानाच्या गाळ्यातल्या त्या बाईंचं देऊळ आता राहिलं नाही, साहेब म्हणाले तिथे कपडे धुवायच्या मशिनी बसवल्यात. त्यांच्या मागे वाजवणारा एकच उरलाय आणि त्याला पायऱ्या उतरताना काठी लागते. कधी कुठलं काम सुरू करताना, मोटर असो, मिक्सर असो, पाण्याचा पंप असो, बटण दाबल्यावर क्षणभर थांबावं लागलं, तर त्या क्षणात तेवढं नाव घ्या. अर्नेस्टीनबाई. मराठीत त्यांचं नाव घेणारं आपल्याशिवाय कुणी नाही.